भेटीदाखल आलेले प्राणी

नमस्कार श्रोतेहो. रविवारी पोराबाळांना घेऊन बेळगावजवळच्या भुतरामनहट्टीचं प्राणिसंग्रहालय बघून आलेले बरेच जण आज ऐकत असतील. आज मी तुम्हाला दिल्लीला नेतो, राष्ट्रीय प्राणी उद्यानात. येताना भुतरामनहट्टीला थांबू.

राजधानीत प्राणिसंग्रहालय हवं, हे भारतीय वन्यजीव मंडळानं 1952 साली मनावर घेतलं. जागा ठरली पुराना किल्ल्यालगतची. आराखडा हॅम्बुर्गच्या हागेनबेक घराण्याकडे गेला. त्यांची रीत अशी, की समोर गज लावायचे नाहीत, मध्ये खंदक ठेवायचा. बेळगावच्या किल्ल्याचा खंदक बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी, हा आतल्याला बाहेर न सोडण्यासाठी! उद्घाटन झालं 1 नोव्हेंबर 1959 ला. ही तारीख आपल्या सीमाभागात वेगळ्याच कारणानं, काळा दिवस म्हणून, पाठ असते, पण तो विषय आजचा नव्हे. उद्घाटन केलं केंद्रीय कृषिमंत्री पंजाबराव देशमुख यांनी, म्हणजे विदर्भाच्या भाऊसाहेबांनी. नावात 'राष्ट्रीय' आलं ते 1982 साली.

गर्दी खेचली पांढऱ्या वाघांनी. रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी 1951 च्या मे महिन्यात एक पांढरा बछडा पकडला, त्याचं नाव मोहन. नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला झालेली पिल्लं सगळी पिवळीच निघाली. मग त्याच पिल्लांतल्या राधाशी, म्हणजे पोटच्या लेकीशी, त्याची जोडी लावली. 1958 साली चार पांढरी पिल्लं जन्मली. त्यातली मोहिनी 1960 मध्ये थेट वॉशिंग्टनला गेली. राजा आणि राणी दिल्लीत आले. हे सख्खे बहीणभाऊ, आणि पुढं त्यांचीच जोडी! पांढरा वाघ ही काही वेगळी जात नाही. एक दबलेला गुण आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो रंग उतरतो, म्हणून घरातल्या घरात जोड्या लावत गेले. त्यातून तिरळे डोळे आणि इतर व्यंगं आली. गाय फळवताना तिचा बाप असलेलाच वळू आणू नये, हे आपल्याकडे लहान पोरगंही सांगेल. राजवाड्यात ते कुणी विचारलं नाही, कारण पाहुण्यांना दाखवायला काहीतरी अजब हवं होतं.

दिल्लीतल्याच शंकर हत्तीचं तेच. 1998 मध्ये झिंबाब्वेकडून माजी राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मांना भेट म्हणून तो आला, सोबत एक मादी. ती लवकर दगावली. आफ्रिकेचा हा हत्ती त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ जोडीदाराविना राहिला. त्याच्या पायातल्या साखळ्यांवरून 2024 मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेनं दिल्लीचं सदस्यत्व स्थगित केलं. 2025 च्या सप्टेंबरात तो दगावला. भेट देणारे नि घेणारे दोघेही फोटोपुरते असतात. चारा, डॉक्टर, सोबत हे सगळं मागाहून कुणाच्या तरी गळ्यात पडतं, असं माझं मत.

आता भुतरामनहट्टी. 2025 च्या नोव्हेंबरात तिथले तीसएक काळवीट चारपाच दिवसांत दगावले, घटसर्पानं. पावसाळ्याआधी आपण गाईम्हशींना ज्याची लस टोचून घेतो, तोच हा रोग. पिंजऱ्यावरच्या पाटीवर प्राण्याचं नाव आणि खाणं लिहिलेलं असतं. हा कुठून आला, सोबतीला कुणी आहे का, डॉक्टर शेवटचा कधी बघून गेला, एवढं त्याच पाटीवर मराठी-कन्नडमध्ये लिहायला फार खर्च नाही. पुढच्या वेळी गेलात तर तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून बघा. नमस्कार.