वादळ कुणावर संतापलं?

मंडळी, मी भाषांतराच्या कामाला लागलो त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका इंग्रजी लेखात वाक्य होतं, ‘द स्टॉर्म रेज्ड ऑल नाइट’. कोश उघडला. रेज म्हणजे तीव्र संताप. क्रियापद असेल तर संतापणे. मी बिनधास्त लिहिलं, ‘रात्रभर वादळ संतापलं होतं.’ कागद संपादकांकडून परत आला तेव्हा ‘संतापलं’भोवती लाल गोल होता आणि समासात एकच शब्द : ‘कुणावर?’

तेव्हा मी मनातल्या मनात बराच चरफडलो. पण रेज या शब्दाबद्दल मला जे काही कळलं, त्याची सुरुवात त्या ‘कुणावर’पासून झाली.

मराठीतला राग एकटा राहत नाही. त्याला समोर कुणीतरी लागतं. मला त्याचा राग आला, ती माझ्यावर चिडली. समोर कुणी नसलंच तर ‘माझा मलाच राग आला’ म्हणून आपण स्वतःला समोर उभं करतो. इंग्रजीतल्या अँगरचंही साधारण असंच आहे. कुणावर आणि कशाबद्दल, ही दोन्ही खाती तिथे असतात. रेजलाही लक्ष्य देता येतं, रेज ॲट, रेज अगेन्स्ट असे प्रयोग आहेतच. पण त्याचं त्यावाचून काही अडत नाही. आग रेज होते, युद्ध रेज होतं, साथ रेज होते, वाद वर्षानुवर्षं रेज होत राहतो. आता गंमत पाहा. ‘द स्टॉर्म वॉज अँग्री’ म्हटलं की ती कविता झाली. ‘द स्टॉर्म रेज्ड’ ही मात्र साधी बातमी आहे. वादळाला तिथे मन लागत नाही, शत्रू लागत नाही. ते फक्त कुणाच्या हातात राहिलेलं नसतं. म्हणजे माझं वाक्य व्हायला हवं होतं, ‘रात्रभर वादळ थैमान घालत होतं.’ थैमानाला कुणी ‘कुणावर’ असं विचारत नाही.

म्हणून ‘रेज म्हणजे खूप राग’ ही व्याख्या मला अपुरी वाटते. रागाचा पारा शंभरावर गेला की त्याचं रेज होतं, असं काही नाही. एखादा माणूस प्रचंड रागात असूनही शांतपणे चार ओळींचा राजीनामा लिहू शकतो. त्याला इंग्रजीत अँग्री म्हणतील, फ्युरियससुद्धा म्हणतील. रेज म्हणताना बोलणारा अडखळेल. उलट, कपाटाचा खण अडकला म्हणून त्याला लाथा घालणारा माणूस ‘इन अ रेज’ असतो. कारण चिमूटभर, ताबा मात्र सुटलेला.

आणि ते ‘इन’ नीट ऐका. मराठीत राग आपल्याकडे येतो. येतो, जातो, कधी नाकाच्या शेंड्यावर मुक्कामच ठोकतो. इंग्रजीत माणूस रेजमध्ये जातो. ‘फ्ल्यू इन्टू अ रेज’, म्हणजे उडूनच जातो. आपल्याकडे राग हा पाहुणा, तिथे रेज ही जागा. या फरकामुळे आपली मंडळी एक हमखास चूक करतात, ‘आय वॉज रेज्ड’. तसं होत नाही. एनरेज्ड म्हणा, नाहीतर ‘इन अ रेज’ म्हणा, आणि तो मधला ‘अ’ गाळू नका. खरं तर स्वतःबद्दल त्याच क्षणी हे वाक्य फारसं कुणी बोलत नाही. जो खरोखर त्या जागेत असतो, त्याला वाक्यरचना सुचत नाही. हा शब्द बहुधा नंतर वापरला जातो, किंवा दुसऱ्याबद्दल.

आता याचं मूळ. लॅटिनमध्ये रेबीज म्हणजे वेड, पिसाटपणा. कुत्र्याचं पिसाळणंही तेच. बोली लॅटिनमध्ये त्याचं ‘राबिया’सारखं रूप झालं आणि जुन्या फ्रेंचमध्ये त्यातला ‘बिया’ घासून ‘ज’ झाला. तांबड्या रंगाच्या ‘रुबेउस’चं ‘रूज’ झालं, ते याच वाटेनं. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास हा रेज इंग्रजीत आला. पुढे रोगाचं नाव म्हणून तोच शब्द मूळ लॅटिन रूपात पुन्हा एकदा आत आला. म्हणजे रेज आणि रेबीज ही सख्खी भावंडं. एक फ्रेंच घरात वाढलं, दुसरं थेट आजोळहून आलं. फ्रेंचमध्ये तर अजूनही त्या रोगाला ‘राज’च म्हणतात. लुई पाश्चरनं 1885च्या जुलैत जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली, ती त्याच्या भाषेत राजवरची लस होती.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. कारण मराठीत हे सगळं तयार होतं! पिसाळणे. कुत्रा पिसाळतो, आणि ‘तो नुसता पिसाळला होता’ असं आपण माणसाबद्दलही म्हणतो. कोशानं मला संताप दिला होता. हवा होता पिसाळणे. साम्य इथेच थांबत नाही. एखादी फॅशन सगळीकडे पसरली की इंग्रजीत ती ‘ऑल द रेज’ असते. हा प्रयोग अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनचा आहे. आपण म्हणतो, त्या गाण्यानं सगळ्यांना वेड लावलं, पिसं लावलं. पिसं आणि पिसाळणं, एकाच घरातले शब्द.

इथे कुणीतरी नेहमी विचारतं, मग रेज आणि राग हे नातेवाईक का? कानाला लागतात खरे, पण नाहीत. आपला राग संस्कृतातल्या ‘रंज्’पासून आला, म्हणजे रंगणे. संस्कृतात राग म्हणजे रंग, लाली, आसक्ती, प्रेम. गीतेत स्थितप्रज्ञाला ‘वीतरागभयक्रोधः’ म्हटलंय. एकाच समासात राग आणि क्रोध वेगवेगळे मोजलेत. तिथे राग म्हणजे चीड धरली तर क्रोधाला काम उरत नाही. मराठीनं त्यातली बहुधा लाली तेवढी उचलली आणि ती चेहऱ्यावर आणली.

आणखी एक फसवा शब्द, आउटरेज. दिसताना आउट अधिक रेज, म्हणजे बाहेर पडलेला संताप. प्रत्यक्षात त्यात रेज नाहीच. लॅटिन ‘अल्ट्रा’, म्हणजे पलीकडे, त्याला फ्रेंचनं शेपटी लावली आणि ‘उत्राज’ झाला : हद्द ओलांडणं, अतिरेक. इंग्रजांच्या कानांनी तो आउट-रेज असा तोडला आणि मग अर्थही हळूहळू रागाकडे सरकला. मुळात आउटरेज म्हणजे समोरच्यानं केलेली आगळीक. आज ती पाहून आपल्याला जे होतं, तेही आउटरेजच.

फ्युरी आणि रॉथ यांच्याबद्दल थोडक्यात. फ्युरीमागे रोमन पुराणातल्या, अपराध्याचा पाठलाग करणाऱ्या सूडदेवता आहेत. रॉथ जरा भारदस्त, आपल्या ‘कोप’सारखा, देवाला शोभतो. घरातल्या भांडणात रॉथ म्हटलं की ऐकणाऱ्याला हसू फुटतं.

1980च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रोड रेज हा शब्द रुळला, मग त्याच साच्यातून विमानातला एअर रेज निघाला. या सगळ्यांत राग अनोळखी माणसावर, म्हणजे खरं तर जो सापडेल त्याच्यावर. ‘कुणावर’ची जागा रिकामी, जो समोर आला तो तिथे बसला. ऑक्सफर्डनं 2025चा शब्द म्हणून ‘रेज बेट’ निवडला : लोकांनी भडकावं, म्हणजे बघणारे वाढतील, एवढ्याच हिशेबानं टाकलेला मजकूर.

याला मराठीत काय म्हणायचं, असं मागच्या रांगेतून आत्ता विचारलंत. संतापाचं आमिष, हा शब्दशः झाला. मला तो कोरडा वाटतो. आपल्याकडे काडी टाकणं आहे. काडी टाकणारा स्वतः संतापलेला नसतो, आणि आग कुणाला लागेल याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मी सध्या ‘काडी’ लिहून पाहतोय. संपादकांनी अजून लाल गोल केलेला नाही.