तलावपाळीची दुसरी फेरी

(दृश्य: ठाण्याचा मासुंदा तलाव, म्हणजेच तलावपाळी, रात्र. पाण्यात बोटींचे दिवे.)

साडेआठ वाजलेत. स्टेशनातून सुटलेली गर्दी अजून ओसरलेली नाही आणि तलावपाळीच्या कट्ट्यावर टेकायलाही जागा नाही. या गर्दीतून एक बाप आणि त्याचा सातवीतला मुलगा चाललेत. बापाच्या खांद्याला अजून ऑफिसची बॅग आहे.

पहिल्या फेरीत दोघं बोलत नाहीत. आम्ही तीन संध्याकाळी त्यांच्या मागे फिरलो, तिन्ही वेळा हेच. मुलगा कठड्यावरून बोटं फिरवत चालतो. कणीसवाल्यापाशी थांबतो. तिखटमिठात बुडवलेली लिंबाची फोड गरम कणसावरून फिरते, ती बघत राहतो. बाप गप्प. सोपं नाही हं हे! 'गणिताचा पेपर मिळाला का?' हे रोज जिभेवर येतं, असं तो स्वतःच सांगतो.

दुसऱ्या फेरीत, कौपिनेश्वराचं देऊळ मागे पडलं की मुलगा बोलायला लागतो. हे आम्ही लांबून टिपलंय. आवाज मुद्दाम घेतलेला नाही.

(दृश्य: घर, सकाळ. दाराशी शाळेचे बूट, एकाची नाडी सुटलेली.)

या फेऱ्या सुरू झाल्या त्या पोटदुखीमुळे. दर सोमवारी सकाळी दुखायचं. ओवा झाला, जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, आजीने दृष्टही काढली. पोटात काही निघालं नाही. मग 'नाटकं करतोय' असंही घरात म्हणून झालं. पण दुखणं खोटं नव्हतं. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंमार्फत सतत निरोपांची ये-जा असते. धास्तावलेल्या मुलाचं पोट खरोखर दुखतं.

(दृश्य: मनोरुग्णालयाबाहेरचा रस्ता, जुनी झाडं.)

समुपदेशकाकडे जाऊ या म्हटल्यावर आजी म्हणाली, "म्हणजे ठाण्यात राहून ठाण्याला पाठवायचं?"

इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. 'ह्याला ठाण्याला भरती करा' म्हटलं की मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. या चेष्टेने किती आईबापांचे पाय दारातच अडवले असतील! त्याच गावात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आपली आयपीएच, सुरू केली. मनाबद्दल उघडपणे बोलायची सवय या शहराला लागली, त्यात तिचा वाटा मोठा.

तर, समुपदेशकाने गृहपाठ दिला तो बापाला. रोज वीस मिनिटं मुलाबरोबर चालायचं, चौकशी करायची नाही. समोर बसवून 'बोल, काय झालं?' म्हटलं की मूल आक्रसतं. शेजारून चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही. आणि फोन घरी ठेवायचा. मुलाचा नव्हे, बापाचा.

(दृश्य: पुन्हा तलाव. दोघं पाठमोरे.)

अकराव्या दिवशी कळलं: शाळेच्या बसमधली चिडवाचिडवी. शाळेशी बोलणं झालं, बसमधली जागा बदलली. पोटदुखी कमी आहे, गेलेली नाही.

प्रत्येक घराचं काम चालण्याने भागेल असं नाही. झोप उडाली, जेवण सुटलं, मित्र नकोसे झाले आणि हे दोन आठवड्यांवर गेलं, तर तज्ज्ञांना गाठा. 'मी नसलो तर बरं' असं मूल बोललं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेली मानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

(दृश्य: काठाला बांधलेल्या बोटी.)

हे चित्रीकरण रविवारचं, म्हणून बापाच्या खांद्याला बॅग नाही. कणीस अर्धं अर्धं झालंय. मुलगा तिसऱ्या फेरीला वळतो. बाप घड्याळ बघतो. उद्या सोमवार. तोही वळतो.