जखमांसकट उठलेला देह

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापुरात कुणाच्या घरी मयत झाली की शेजारीपाजारी जमतात आणि निघताना म्हणतात, ‘आत्म्याला शांती लाभो.’ ख्रिस्ती घरीही हेच ऐकू येतं. म्हणणाऱ्याची माया खरी असते, त्यामुळे घरचेही हात जोडतात. पण ख्रिस्ती माणसाची आशा आत्म्यापाशी थांबत नाही. उपासनेत मंडळी उभी राहून जो विश्वासांगीकार म्हणते, त्यात शेवटी येतं ते देहाचं पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्या देहाचं पुन्हा उठणं.

हो, देहाचं. यंत्रमागावर रात्रपाळी करून जो झिजतो, विड्या वळून वळून ज्याची पाठ धरते, त्याच देहाचं. ही गोष्ट ऐकायला पहिल्यापासूनच अवघड गेली. अथेन्समध्ये येशूचा प्रेषित पौल मृतांच्या पुनरुत्थानाबद्दल बोलू लागला, तेव्हा काही जणांनी त्याची थट्टा केली. करिंथच्या मंडळीतही शंका निघाली: मेलेले उठणार ते कोणत्या शरीराने? पौलाने उत्तर शेतातलं दिलं. आपण पेरतो तो नुसता दाणा, पुढे येणारं पीक काही पेरत नाही. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. काळ्या रानात टाकलेला ज्वारीचा दाणा आणि पुरुषभर वाढलेलं ताट यांत दिसायला काय सारखं आहे? तरी ते त्याच दाण्याचं.

मेलेल्यांतून उठलेल्या येशूबद्दल शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली त्याची चरित्रं, जे सांगतात, ते असंच ओळखीचं आणि अनोळखी आहे. कबरीपाशी मग्दालिया मरिया त्याला माळी समजते. त्याने नावाने हाक मारली तेव्हा तिला कळतं. शिष्यांना वाटतं, हे भूत आहे. तो त्यांच्यासमोर भाजलेला मासा खातो. आणि थोमा या शिष्याला तो हातावरचे व्रण दाखवतो. मी दरवेळी इथे अडखळतो. मरणावर विजय मिळवलेल्या देहावर खिळ्यांच्या खुणा कशाला हव्यात? मला वाटतं, सोसलेलं पुसून टाकून नवा माणूस उभा करायचा नव्हता. जो क्रूसावर मेला, तोच उठला.

आता रडण्याबद्दल. बेथानीला लाजर मेला तेव्हा येशूने त्याची बहीण मार्था हिला सांगितलं, ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे.’ थोड्या वेळाने तो लाजराला कबरीतून बाहेर बोलावणार होता. तरीही वाटेत लाजराची दुसरी बहीण मरिया हिचं रडणं पाहून तो स्वतः रडला. पौलानेही थेस्सलनीकाच्या लोकांना दुःख करूच नका असं सांगितलं नाही. आशा नसलेल्यांसारखं करू नका, एवढंच म्हटलं. तेव्हा भेटायला गेलेल्यांनी ‘विश्वासात आहात ना, मग रडता कशाला?’ असं मयताच्या घरच्यांना विचारू नये. चार भाकरी घेऊन जावं, जवळ बसावं.

एक प्रश्न बऱ्याचदा येतो. दहन केलं तर देह उठणार कसा? कवी नारायण वामन टिळक 1919 साली वारले आणि त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं. ज्यांची भजनं मराठी मंडळ्या आजही गातात, त्यांना अग्नीची भीती वाटली नाही. रोमन कॅथलिक चर्चनेही 1963 मध्ये दहनाला मुभा दिली, पसंती मात्र दफनालाच ठेवली. दफन केलेल्या देहाचीही शेवटी मातीच होते. समुद्रात बुडालेल्यांचं, आगीत गेलेल्या हुतात्म्यांचं काय, हा विचार चर्चने फार पूर्वीच केला आहे. मातीतून माणूस घडवणाऱ्या देवाला राखेची अडचण कशी होईल? म्हणून दुःखाच्या घरात निदान या कारणावरून वाद नको. दफन की दहन, हे गेलेल्याची इच्छा आणि मंडळीची रीत पाहून ठरवावं.

आज इथेच थांबतो. नमस्कार.