क्वेबेकच्या तुरुंगातून आलेला अर्ज

(दृश्य : सेंट लॉरेन्स नदी, क्वेबेकचा जुना धक्का)

ऑक्टोबर १७४०. क्वेबेक, फ्रान्सच्या कॅनडातल्या वसाहतीची राजधानी. इथल्या तुरुंगात विशीतली एक मूलनिवासी बाई आहे. मार्गरिट द्युप्लेसी. मालक दोर्मिकूर याला ती डोईजड झाली आहे. ती दुर्वर्तनी आहे, असं तो म्हणतो. नदी गोठण्याआधी तिला जहाजात घालून मार्टिनिकला पाठवायचं, उसाच्या मळ्यांच्या बेटावर, असं त्याने ठरवलं आहे.

आणि ही बाई थेट त्याच्यावरच दावा लावते.

(दृश्य : ग्रेट लेक्सचा नकाशा)

मार्गरिटसारख्यांना वसाहतीत ‘पानी’ म्हणत. पश्चिमेकडच्या पॉनी जमातीवरून पडलेलं हे नाव पुढे कुठल्याही जमातीच्या गुलामाला चिकटलं. फ्रेंचांच्या मित्रजमाती लढाईत धरलेली माणसं त्यांना भेट म्हणून द्यायच्या. त्यात बायका आणि लहान मुलीच जास्त. मॉन्ट्रियलच्या बाजारात या भेटींना किंमत आली, मागणी वाढली, तशा धाडीही वाढल्या.

१३ एप्रिल १७०९ रोजी वसाहतीचा इंटेंडंट, म्हणजे राजाने नेमलेला कारभार आणि न्याय पाहणारा अधिकारी, झाक रोदो याने फर्मान काढलं : विकत घेतलेले पानी आणि कृष्णवर्णीय ही खरेदीदाराची पूर्ण मालमत्ता. मग व्यापारी, लष्करी अधिकारी, धर्मसंस्था, खुद्द गव्हर्नर, सगळ्यांच्याच घरी पानी राबू लागल्या. पाणी भरणं, सरपण, धुणी, पोरं सांभाळणं. रात्री मालकाच्या घरातच झोपणाऱ्या त्या पोरींवर काय गुदरत असेल, ते बाप्तिस्म्याच्या वह्यांत दिसतं : आईचं नाव, आणि बापाच्या जागी ‘अज्ञात’.

मार्गरिटने मात्र बापाचं नाव घेतलं. आपला बाप द्युप्लेसी घराण्यातला फ्रेंच अधिकारी, म्हणून आपण जन्मानेच स्वतंत्र, असा तिचा दावा होता. नुएत नावाच्या माणसाने तिच्या वतीने अर्ज लिहिले. मॉन्ट्रियलहून पुरावे आणायला तिला सवड हवी होती. ती स्वतंत्र आहे हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर, तेही कोठडीत बसून. मला यातली सर्वांत संतापजनक गोष्ट हीच वाटते. त्याच महिन्यात इंटेंडंट ओकार याने निकाल दिला : ती दोर्मिकूरची गुलाम.

पुढे तिची नोंद सापडत नाही. बहुधा तिला जहाजावर चढवलंच असावं.

(दृश्य : हस्तलिखित नोंदवहीची पानं)

इतिहासकार मार्सेल त्रुदेल यांनी चर्चच्या आणि नोटरींच्या वह्या चाळून कॅनडातले सुमारे ४,२०० गुलाम शोधून काढले. त्यातले दोन तृतीयांश मूलनिवासी. मरताना या मूलनिवासींचं सरासरी वय अठरासुद्धा नव्हतं.

१७६० मध्ये मॉन्ट्रियल इंग्रजांच्या हाती गेलं. शरणागतीच्या करारातल्या ४७व्या कलमाने पानी आणि कृष्णवर्णीय गुलाम जुन्या मालकांकडेच ठेवले. कायद्याने गुलामगिरी संपायला १८३४ उजाडलं.