कोथिंबिरीची रात्रपाळी

मंडळी, ही जुडी पुढच्या रांगेतून मागं जाऊ द्या. देठ जरा चुरगाळा आणि वास घ्या. बाहेर पारा ४२ वर असताना जुळे सोलापुरातल्या माझ्या माडीवर निघालेली कोथिंबीर आहे ही. उन्हाळ्यात मंडईतली जुडी घरी येईपर्यंत माना टाकते. कुंडीत पेरावी तर चार पानं येताच फुलावर जाते. ऊन लागलं की तिला बी धरायची घाई होते.

म्हणून मी ती बंद पेटीत, आतला उजेड आणि गारवा सांभाळून वाढवतो. माझी पेटी म्हणजे भंगारातला फ्रिज. आतला गॅस मेकॅनिककडून काढून घेतला. नळी स्वतः कापू नका. कॉम्प्रेसर गेला, भिंतीतला फोम मात्र जपला, कारण उन्हाशी खरी झुंज तोच देतो.

आता मागच्या वर्षीची एक रात्र. ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे या सभागृहात सांगायला नको. त्या दिवशी आलं होतं. दोनशे लिटरचा ड्रम काठोकाठ भरला, फडक्यानं तोंड बांधलं आणि झोपलो. ड्रममधला पंप दर तासाला दोन मिनिटं चालून पेटीत गार हवा आणणारं वाळ्याचं पॅड भिजवायचा. पहाटे आईची हाक आली, "अरे, जिन्यात पाणी कुठनं येतंय?" बघतो तर पंप कोरडाच घरघरतोय, ड्रमच्या तळाला तांब्याभर पाणी, बाकी सगळं जिन्यावरून गल्लीत. मोबाईलवर मात्र 'पंप बंद'! आई रागावली नाही. तिनं गोणपाटानं जिना टिपला, ते बादलीत पिळलं आणि ते पाणी तुळशीला घातलं. पुढं पाणी येईपर्यंत शेजारच्या काकूंनी रोज दोन घागरी दिल्या. ते पिळलेलं गोणपाट अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

झालं होतं असं, की रिले, म्हणजे पंप चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, चिकटला होता. मोटर बंद होताना तिच्या वेटोळ्यातून उलटा झटका येतो, रिलेत ठिणगी पडते, आणि असं रोज होत होत एक दिवस आतल्या पत्र्या वितळून एकमेकींना धरून बसतात. किट विकणाऱ्यानं डायोडचं, म्हणजे हा झटका जिरवणाऱ्या छोट्या भागाचं, नावही काढलं नव्हतं, आणि डायोड मिळतो चार-दोन रुपयांत! याचा मला आजही राग आहे. तेव्हापासून १२ व्होल्टच्या पंपाला उलटा डायोड लावतो, आणि पंप ड्रममध्ये सोडत नाही. रोज दहा लिटर बादलीत काढायचं, पंप त्या बादलीत. सगळं बिघडलं तरी जाईल ते तेवढंच.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत, आणि ज्यासाठी आलो ते राहिलंच. भरभर सांगतो.

थंड मुलखातल्या अशा पेटीच्या आराखड्यात रोपांना उजेड देणारा दिवा पेटीला ऊबही देतो. आपल्याकडं ती ऊबच वैरी. म्हणून दिवा रात्री लावा. माझा संध्याकाळी सातला लागतो, सकाळी सातला विझतो. आपली रात्र तो कोथिंबिरीचा दिवस. यंत्रमागावर रात्रपाळी केलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. ३० वॉटचा पांढरा एलईडी बारा तास चालला की ३६० वॉट-तास, म्हणजे युनिटाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त.

दिवसा पेटीत अंधार. पंखा बाहेरची हवा ओल्या वाळ्याच्या पॅडमधून ओढतो. आपली हवा कोरडी हे आपलं भाग्य. दुपारी आर्द्रता १५ टक्क्यांवर असली, तर ४२ अंशांची हवा चांगल्या पॅडमधून २६-२७ वर येते. मुंबईच्या दमट हवेत हे जमायचं नाही. आतल्या सेन्सरनं ८० टक्के आर्द्रता दाखवली की पंप थांबतो, पंखा चालूच, नाहीतर बुरशी धरते. पंप चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरचं काम एवढंच.

दुसरी चिठ्ठी आली. दाराशी धण्याची पिशवी ठेवली आहे, मूठभर घेऊन जा. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून लाटण्यानं हलकेच रगडून दोन फाका करा आणि आज रात्रीच भिजत घाला.