पगारपत्रकातला अर्थसंकल्प

दिल्लीतल्या नॉर्थ ब्लॉक या सरकारी इमारतीतील हलव्याची मोठी कढई अर्थसंकल्पाआधी, बहुतेक वर्षी जानेवारीत, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकते. अर्थमंत्र्यांच्या हस्ते हलव्याचे वाटप झाले की अर्थसंकल्पाच्या कामावरील अधिकारी आणि कर्मचारी भाषण संपेपर्यंत इमारतीबाहेर पडत नाहीत, घरी संपर्कही साधत नाहीत. याच इमारतीच्या तळघरात छापखाना आहे. 2021 पासून अर्थसंकल्प कागदाऐवजी टॅब्लेटवर आला, तरी गुप्ततेची ही प्रथा टिकून आहे, कारण कराच्या एका दराची आगाऊ कुणकुण लागली तरी तिचा फायदा उठवणारे कमी नसतात.

1 फेब्रुवारी 2025 रोजी सकाळी अकरा वाजता निर्मला सीतारामन सलग आठवा अर्थसंकल्प मांडण्यासाठी लोकसभेत उभ्या राहिल्या. प्राप्तिकराचा विषय त्यांनी भाषणाच्या अखेरीस घेतला. नव्या करप्रणालीत, म्हणजे दर कमी पण बहुतेक वजावटी नसलेल्या पर्यायात, 12 लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागणार नाही, हे वाक्य येताच सत्ताधारी बाके वाजू लागली.

या घोषणेची रचना नीट समजून घ्यायला हवी. करमुक्त टप्पा फक्त 4 लाखांपर्यंतच आहे. त्यापुढील 4 लाखांवर 5 टक्के म्हणजे 20 हजार आणि 8 ते 12 लाखांवर 10 टक्के म्हणजे 40 हजार, असा 60 हजार रुपयांचा कर आधी आकारला जातो आणि तेवढीच सवलत, म्हणजे रिबेट, देऊन तो शून्यावर आणला जातो. पगारदारांना या प्रणालीत 75 हजारांची प्रमाणित वजावट, म्हणजे पुराव्याशिवाय उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक रक्कम, मिळत असल्याने त्यांच्यासाठी ही रेषा 12 लाख 75 हजारांवर जाते.

मार्चअखेर वित्त विधेयक मंजूर झाले, 1 एप्रिलपासून नवे दर लागू झाले आणि दिल्लीतला निर्णय या कागदावर उतरला. वार्षिक 12 लाख 75 हजार पगार असलेल्या, नव्या प्रणालीतल्या मुंबईकर कर्मचाऱ्याचे हे पगारपत्रक आहे. जानेवारीच्या पत्रकात टीडीएसच्या, म्हणजे पगारातूनच कापल्या जाणाऱ्या प्राप्तिकराच्या, रकान्यात 6,933 रुपये आहेत. एप्रिलमध्ये तिथे शून्य आहे. त्याखालचा 200 रुपयांचा व्यवसाय कर तसाच आहे, कारण तो राज्याचा कर आहे आणि केंद्रीय अर्थसंकल्पाचा त्याच्याशी संबंध नाही. या सवलतींपोटी केंद्राने सुमारे 1 लाख कोटी रुपयांच्या प्रत्यक्ष करावर पाणी सोडले.

मात्र ज्या आकड्यांना हातच लावला गेला नाही, त्यांचाही करदात्याच्या खिशावर परिणाम होतो. जुन्या प्रणालीत साठ वर्षांखालील व्यक्तीसाठी अडीच लाखांची मूळ सूट आणि 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 80सी खालील दीड लाखाची वजावट जुलै 2014 मध्ये तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी ठरवली आणि तिथेच ती थांबली. भविष्य निर्वाह निधी, विम्याचा हप्ता, मुलांचे शिक्षण शुल्क, गृहकर्जाची मुद्दल हे सारे याच दीड लाखात बसवावे लागते. मधल्या काळात शाळेची फी आणि घराची किंमत कुठल्या कुठे गेली. 12 लाख 75 हजार पगारावर प्रमाणित वजावट आणि 80सीचा पूर्ण लाभ घेऊनही जुन्या प्रणालीत उपकरासह 1,40,400 रुपये कर येतो. बचतीसाठी सवलत देणारी ही व्यवस्था कोणतीही घोषणा न करता मोडीत निघते आहे, आणि असा निर्णय संसदेत उघडपणे, चर्चा होऊनच व्हायला हवा. कराच्या मर्यादा दरवर्षी महागाईशी जोडण्याची तरतूदही आता कायद्यातच असायला हवी.

कर्मचाऱ्याने मालकाला काही कळवले नाही, तर टीडीएस नव्या प्रणालीनेच कापला जातो. उत्पन्न 12 लाखांच्या किंचित वर गेल्यास सीमांत सवलत मिळते, म्हणजे वरच्या रकमेपेक्षा जास्त कर लागत नाही. शेअर विक्रीतील भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला मात्र हा रिबेट लागू होत नाही.