अडकलेला बुश आणि जोराचा हिशेब

मित्रहो, सुरुवात कबुलीने करतो. माझा पहिला चिमटा मी स्वतःच्या हाताने वाया घालवला. चिमटा म्हणजे स्विंगआर्म, मोटरसायकलचं मागचं चाक धरून वर-खाली हलणारा दोन पायांचा सांगाडा. गॅरेजात सगळे चिमटाच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणणार. जुनी गाडी होती, मागचं चाक धरून आडवं हलवलं की खट्‌ आवाज यायचा. बुश, म्हणजे चिमटा ज्यांवर हलतो त्या नळीसारख्या बाह्या, गेले होते, त्यात शंका नव्हती. चिमटा उतरवला, शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) आवळला, बुशच्या कडेवर लोखंडी तुकडा टेकवला आणि मोठा हातोडा उचलला. अर्ध्या तासानंतर बुश जागच्या जागी होता. त्याची कड अळंबीसारखी पसरली होती, आणि ज्या घरात तो बसतो ते घर लंबगोल झालं होतं. बुश वीस मिनिटांत लेथवर नवा करून मिळतो. घर कुठून आणणार?

आज मला एवढंच सांगायचं आहे: बुश मेलेलाच आहे, वाचवायचा आहे तो चिमटा. म्हणून प्रत्येक वेळी आधी विचारायचं, की मी लावतोय तो जोर शेवटी जातो कुठे?

आता हा बुश एवढा का धरतो? चिमट्याचं मागचं सस्पेन्शन 1950 च्या आसपास रुळू लागलं. रॉयल एन्फील्डची चिमटावाली बुलेट 1949 ची, नॉर्टनची फेदरबेड चौकट 1950 ची, ट्रायम्फच्या काही मोठ्या गाड्यांना तो 1954 मध्ये मिळाला. म्हणजे काही बुश सत्तर वर्षं एकाच जागी बसून आहेत. बसवतानाच तो घरापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांश भागाने मोठा असतो, दाबूनच बसवतात. त्यात पाणी शिरलं की गंज चढतो, आणि गंज जागा व्यापतो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त. त्याला फुगायला वाव नसतो, मग तो बुशलाच आवळतो.

बुश दोन जातींचे. एक पितळी रंगाचा ब्राँझचा, ज्यात स्पिंडल (चिमट्याचा आस) किंवा त्यावरची नळी फिरते. दुसरा सायलेंट ब्लॉक: बाहेर पोलादी नळी, आत पोलादी नळी, मध्ये दोघींना चिकटलेलं रबर. यात काही घासत नाही, रबरच पिळवटतं आणि सुटतं. आपल्यापुढे कोणती जात आहे हे कळल्याशिवाय हत्यार उचलू नका, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. उष्णतेचं तर नक्कीच.

सगळे सांगतात, ‘गरम कर, सुटेल.’ पण हिशेब करून बघा. पोलाद एका अंशाला साधारण 12 दशलक्षांश पसरतं, ब्राँझ 18. घराचा व्यास 30 मिलिमीटर धरा आणि सगळंच 150 अंशांनी तापवा. घर 0.054 मिलिमीटरने मोठं होईल, बुश 0.081 ने. म्हणजे तुम्ही टॉर्च धरून उभे आहात आणि बुश आणखी घट्ट होतोय! मग गरम करून बुश सुटतात ते कसे? एक तर घर बाहेरून झपाट्याने तापवायचं आणि आत ओलं फडकं कोंबून बुश थंड ठेवायचा. नाही तर उलट: सगळंच तापू द्यायचं. बुशला पसरायचं असतं, घर पसरू देत नाही, तो आतल्या आत थोडा दबतो. मग पूर्ण गार होऊ द्यायचं. दबलेला बुश मूळ मापाहून किंचित लहान होऊन गार होतो, गंजालाही भेगा पडलेल्या असतात. हे दोन-तीनदा करावं लागतं. गरम असतानाच हातोडा मारणारे सगळ्यात वाईट क्षण निवडतात. सायलेंट ब्लॉकमध्ये दोन्हीकडे पोलादच, तिथे फक्त पहिली रीत. आणि रबर जाळून काढायच्या फंदात पडू नका. त्या धुरात उभं राहण्यासारखं काही नाही. ड्रिलने रबराला भोकं पाडा, आतली नळी ओढून काढा.

आता ओढायचं कशाने? पुलर घरी होतो. चांगल्या पोलादाचा आटे पाडलेला दांडा, दोन नट, जाड वॉशर. एका बाजूला बुशच्या बाहेरच्या मापाहून किंचित लहान चकती, दुसऱ्या बाजूला बुश ज्यात सामावेल असा नळीचा तुकडा, तोंड लेथवर सरळ केलेला. आट्यांना भरपूर ग्रीस. याचं मोठेपण ताकदीत नाही. जोर चकतीपासून नळीपर्यंत जातो आणि तिथेच संपतो. चिमट्याचे पाय, वेल्डिंग, शेगडा, कुणालाच त्याची झळ लागत नाही. हातोड्याचा घाव मात्र सगळ्या चिमट्यातून फिरून शेगड्यात जातो.

कुणीतरी विचारतंय, हायड्रॉलिक प्रेस का नको? चिमटा प्रेसखाली सरळ बसत नाही, पाय आधाराशिवाय लोंबतात, आणि प्रेस हाताशी बोलत नाही. पान्याला कळतं की आता काहीतरी वाकतंय. पाना जड झाला की थांबा, आत शिरणारं तेल सोडा, घराच्या बाहेरून तांब्याच्या हातोडीने दोन हलके टोले द्या आणि रात्रभर तसंच ताणावर ठेवा. पुष्कळदा सकाळी नट सैल सापडतो.

तरीही नाही, तर करवत. हॅकसॉचं पातं बुशमधून ओवायचं, फ्रेमला लावायचं आणि बुशच्या लांबीभर एकच चीर पाडायची. ब्राँझमध्ये हे सोपं, पिवळ्याचं राखाडी दिसू लागलं की थांबायचं. पोलादी नळीत तपकिरी गंजाची रेघ शोधावी लागते. शेवटचा पापुद्रा कापायचाच नाही. बारीक छिन्नीने चिरेची कड आत दुमडली की नळी मिटते. ज्यांच्याकडे वेल्डिंग आहे त्यांनी पोलादी नळीच्या आत एक लांब टाका घालावा; गार होताना ती आक्रसते आणि कधीकधी हाताने निघते. फक्त त्याआधी क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने काही धुऊ नका. त्याच्या वाफेवर वेल्डिंग झालं की फॉस्जीन तयार होतो, आणि तो विषारी वायू आहे.

बसवण्याबद्दल थोडक्यात. नवा ब्राँझचा बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला तर 0.02 मिलिमीटरच्या आसपास आक्रसतो. थोडा वाटतो, पण जाणवतो. दाबल्यावर त्याचं भोक आवळतं, म्हणून दोन्ही बुश एकाच रेषेत रीमरने (भोक मापात तासणाऱ्या हत्याराने) पुन्हा मापात आणावे लागतात.

सायलेंट ब्लॉक असेल तर शेवटचा नट आवळायचा तो गाडी चाकांवर उभी करून, कुणाला तरी वर बसवून. मी पहिल्यांदा ती स्टँडवर असतानाच, मागचं चाक खाली लोंबत असताना आवळला होता. मग गाडी चालताना रबर कायम पिळलेलं राहिलं, वर्षभरात फाटलं, आणि तोच पुलर पुन्हा काढावा लागला. या वेळी मात्र बुश सहज निघाले. गंजायला त्यांना वेळच मिळाला नव्हता.